जुन्या सायकलीचा कॉटर क्रँक ठेवावा की बदलून टाकावा?

माळ्यावरची_सायकल (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांची नॉटिंगहॅम बनावटीची रॅले सायकल वाईच्या घरी माळ्यावर वीसेक वर्षे पडून होती. चेनव्हीलवर बगळ्याची नक्षी आहे, रॉड ब्रेक आहेत, मागच्या हबमध्ये तीन गिअर आहेत आणि रंग अजून शाबूत आहे. दिवाळीत ती पुण्याला आणली, चाकांचा आऊट काढून घेतला, छर्रे बदलले, टायर नवे घातले आणि कामावर तिच्यावरूनच जायचे ठरवले. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर होतात.

अडचण एकच आहे. डाव्या पायाने जोर दिला की दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो आणि पायाला बारीकसा हिसका बसतो. मेकॅनिकने डाव्या क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्याचा, कॉटर (क्रँकला मधल्या एक्सलशी जखडणारी पाचर) बदलला, तेव्हा आठ दिवस शांतता होती. दुसऱ्यांदा बदलला, तो पाच दिवस टिकला. आता ते म्हणतात की कॉटरचा जमाना गेला, चौकोनी टोकाचा एक्सल घालून नवे क्रँक बसवून टाका, कटकट मिटेल. मूळ क्रँक काढून टाकायला मन घेत नाही, पण रोजच्या वापराच्या सायकलीने रस्त्यात दगा देऊ नये, हेही तितकेच खरे. कॉटरची ही रचना मुळातच बेभरवशाची आहे का, की आमच्याकडेच काही चुकते आहे? ज्यांनी अशा सायकली वर्षानुवर्षे चालवल्या आहेत, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

भाड्याची_सायकल

आमच्या लहानपणी ताशी भाड्याने मिळणाऱ्या सायकलींमध्ये हा ‘टक्’ सर्रास असे आणि घंटी मात्र एकीलाही नसे, त्यामुळे समोरचा माणूस बाजूला व्हायचा तो त्या आवाजानेच. तुम्ही क्रँक दुरुस्त केलात तर घंटीचा खर्च वाढेल, एवढे लक्षात ठेवा.

पेडलपुराण

रचना बेभरवशाची नाही, बसवणारा हात घाईचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉटर म्हणजे दुसरे काही नसून पाचर आहे. गोल सळईच्या तुकड्याला एका बाजूने उतार दिलेला असतो, तो उतार एक्सलवरच्या सपाट खाचेला भिडतो आणि पाचर जितकी आत जाईल तितका क्रँक एक्सलला आवळला जातो. तिच्या बारीक टोकाला आटे पाडून नट लावलेला असतो, आणि सगळा घोळ या नटामुळे होतो. बहुतेक मेकॅनिक कॉटर हाताने सरकवतात, नटाला पाना लावतात आणि आवळून आत ओढायला बघतात. ते बारीक आटे पाचर ओढायला केलेलेच नाहीत. पाचर ठोकून किंवा दाबून बसवायची असते आणि नट फक्त ती मागे सरकू नये म्हणून असतो. नटाने आवळलेला कॉटर चार-आठ दिवसांत सैल होतो, तो पुन्हा आवळताना आटे जातात, आणि मग दोष मात्र रचनेच्या माथी मारला जातो.

दुसरी गोष्ट अशी की बाजारातला कॉटर जसाच्या तसा कधीच नीट बसत नाही. मी कंदिलाच्या काचेवरची काजळी बोटाने कॉटरच्या उतारावर फासतो, तो हलकेच ठोकून आत घालतो आणि काढून पाहतो. काजळी जिथे पुसली गेली असेल, तिथेच लोखंड लोखंडाला लागते. नव्या कॉटरवर ती बहुधा एका कडेला, नखाएवढ्या जागेत पुसलेली दिसते. तो उंचवटा बारीक कानशीने उतरवायचा, पुन्हा काजळी फासायची, पुन्हा ठोकायचे. उताराचा निम्म्याहून जास्त भाग पुसला जाऊ लागला की कॉटर तयार झाला. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कोणी देत नाही. तुमच्या दोन्ही कॉटरना कानस लागली होती का, एवढेच मेकॅनिकला विचारून पाहा.

सरळ_हिशोब

पेडलपुराण यांच्या कसबाबद्दल आदर आहे, पण त्यांनी स्वतःच माझी बाजू मांडून ठेवली आहे. जो भाग बसवायला काजळी, कानस आणि अर्ध्या तासाचा संयम लागतो, त्याला मी विश्वासार्ह म्हणणार नाही. विश्वासार्ह भाग तो, जो सामान्य माणसाने सामान्य हत्यारांनी बसवला तरी चालतो. स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपनीने चौकोनी टोकाच्या एक्सलचा, कॉटर नसलेला क्रँक १९३३ मध्ये आणला, आणि पुढच्या काही दशकांत चांगल्या सायकलींवरून कॉटर हळूहळू गेला, तो काही फॅशनमुळे नव्हे.

ढोबळ हिशोब मांडू. क्रँकची लांबी साडेसहा इंच, म्हणजे १६५ मिलिमीटर. एक्सल त्या जागी साधारण १६ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे त्रिज्या ८. ७० किलोचा माणूस आडव्या क्रँकवर पूर्ण वजनाने उभा राहिला, तर एक्सलच्या पृष्ठभागापाशी सुमारे वीसपट, म्हणजे १४०० किलोच्या आसपास भार येतो. तो भार करंगळीएवढ्या खिळ्याच्या एका उतारावर पडतो, तोही दर फेऱ्याला. धागाकर्त्यांनी एक्सल बदलावा, जुने क्रँक कापडात गुंडाळून कपाटात ठेवावेत आणि निर्धास्त कामावर जावे.

उद्यमनगरचा_लेथवाला

हिशोब बरोबर आहे, पण भार किती आहे यापेक्षा तो किती जागेवर वाटला जातो हे महत्त्वाचे. उतार पूर्ण भिडला तर हाच खिळा तो भार वर्षानुवर्षे पेलतो. देशभरातल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकली दोन्ही बाजूंना कॅन लावून याच खिळ्यावर चालल्या आहेत.

माझा अनुभव धातूचा आहे. कोल्हापुरात आमचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि जुन्या सायकलींचे शौकीन अधूनमधून कॉटर करून घ्यायला येतात. सध्या सुटे मिळणारे कितीतरी कॉटर इतक्या मऊ लोखंडाचे असतात की कानस लोण्यासारखी फिरते. असा कॉटर काढून पाहा, त्याच्या उतारावर एक्सलच्या कडेचा ठसा पायरीसारखा उमटलेला दिसेल. पायरी पडली म्हणजे जागा सुटली, आणि जागा सुटली म्हणजे ‘टक्’. मी ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या सळईतून करतो. कॉटर एक्सलपेक्षा थोडा मऊच असावा, कारण झिजायचेच असेल तर दोन चहांच्या किमतीचा खिळा झिजावा, एक्सल नव्हे. पण शिशासारखाही असू नये.

मापाकडेही लक्ष द्या. इंग्लिश सायकलींचा कॉटर तीन सुती असतो, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. फ्रेंच आणि काही इतर सायकलींना नऊ मिलिमीटरचा लागतो. साडेनऊच्या भोकात नऊचा कॉटर घालून नट आवळलेले मी स्वतः पाहिले आहे, आणि मालक म्हणत होते की आवाज कुठून येतो ते कळत नाही.

नगरची_सुमेधा

हिशोब आणि धातू बाजूला ठेवून एक घडलेली गोष्ट सांगते. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि शाळेला सात किलोमीटर सायकलने जात. एकदा एका दुकानात, नाव नको, त्यांनी क्रँक काढून ग्रीस भरून घेतले. दोन दिवसांनी चढावर पेडलवर उभे राहून जोर देताना डावा क्रँक एकदम अर्धा इंच फिरला, पाय निसटला आणि ते दांडीवर आपटले. नडगी सोलली, हनुवटीला तीन टाके पडले. कॉटर मोडला नव्हता. त्याचा नट मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला होता आणि पाचर निम्मी बाहेर आली होती.

त्यानंतर सीटमागच्या चामडी पिशवीत पंक्चरच्या सामानाबरोबर एक जास्तीचा कॉटर, दोन नट आणि बुटका हातोडा कायम असे. दर रविवारी ते क्रँक आडवे करून दोन्ही पेडलांवर उभे राहत, मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा उभे राहत. बारीकशी जरी हालचाल जाणवली तरी हातोडा बाहेर निघे. पुढे निवृत्तीपर्यंत तीच सायकल चालवली आणि क्रँकने पुन्हा कधी त्रास दिला नाही. विश्वासार्ह म्हणायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. मला तो हातोडा रोज पाठीशी बाळगायला जमला नसता.

सरळ_हिशोब

सुमेधाताई, तुमच्या वडिलांच्या चिकाटीला नमस्कार. पण जो भाग दर रविवारी तपासावा लागतो, त्याबद्दल माझे मत बदलण्याऐवजी पक्के झाले.

निवृत्त_गणित

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. चेनव्हील उजव्या क्रँकला पक्के जोडलेले असते. त्यामुळे उजव्या पायाचा जोर क्रँकमधून थेट चेनव्हीलला आणि तिथून साखळीला जातो. त्याला कोणत्याच कॉटरमधून जावे लागत नाही. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या क्रँकमधून डाव्या कॉटरला, तिथून एक्सलला, एक्सलमधून उजव्या कॉटरला आणि मग चेनव्हीलला, अशी सगळी यात्रा करून पोचतो. म्हणजेच दोन्ही कॉटर फक्त डाव्या पायाचा भार वाहतात, आणि धागाकर्त्यांना ‘टक्’ डाव्या पायाच्या वेळी ऐकू येतो एवढ्यावरून दोष डाव्याच कॉटरचा आहे असे सिद्ध होत नाही. उजवा कॉटर सैल असला तरी आवाज डाव्या पायालाच येईल. मेकॅनिकने उजव्याला हात लावला होता का?

आपल्याकडची सायकलवर बसायची पद्धतही लक्षात घ्या. डावा पाय पेडलवर ठेवून, पूर्ण वजन त्यावर टाकून, उजवी टांग मागून फिरवायची. पेडल खाली असेल तर ठीक, पण पुढे आडवे असताना वजन टाकले तर तो धक्का थेट दोन्ही कॉटरना बसतो. उतारावर पेडल न मारता दोन्ही पायांवर उभे राहिले की मागच्या पेडलवरचा डावा पाय क्रँकला उलट पिळतो. असा दोन्हीकडून हलत राहिलेला कॉटर सैल होणारच.

भाड्याची_सायकल

म्हणजे आम्ही दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकलो, पूर्ण फेरा कधी घेतलाच नाही, नुसते पुढे-मागे, पुढे-मागे केले, तेव्हा दुकानदार ‘काटर खाल्ला कार्ट्यांनी’ असे ओरडत असे ते शास्त्रशुद्ध होते. इतक्या वर्षांनी क्षमा मागावी म्हणतो.

पेडलपुराण

गणितसरांचा प्रतिसाद वाचून स्वतःवरच चरफडलो. हाताने मला हे माहीत होते (मी नेहमी दोन्ही कॉटर एकदमच बदलतो), कारण आज कळले.

नॉटिंगहॅमकर

मी या सायकलीच्या माहेरी राहतो. रॅलेच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर आता इथल्या विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस उभा आहे आणि माझे ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. इथे कॉटरच्या सायकली चालवणारे पुष्कळ आहेत आणि ते हातोड्याऐवजी दाबयंत्र वापरतात. क्रँकला अडकवायचे, स्क्रू फिरवला की कॉटर सरळ दाबला जातो किंवा बाहेर ढकलला जातो. हे हत्यार हाती असेल तर सरळ_हिशोब यांचा निम्मा आक्षेप गळून पडतो.

मात्र एक्सल बदलायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट तपासा. रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या सायकलींत बॉटम ब्रॅकेटचे (फ्रेमच्या ज्या नळीत क्रँकचा एक्सल फिरतो तिचे) आटे इंचाला २६ असत. बाकीच्या इंग्लिश सायकलींचे प्रमाण इंचाला २४. नवे बंद बेअरिंगचे युनिट २४ आट्यांचे असते. ते रॅलेच्या फ्रेममध्ये दोन फेरे जाते आणि अडते, आणि मग कोणीतरी लांब दांड्याचा पाना आणून जबरदस्ती करतो. तिथे फ्रेमचे आटे कायमचे जातात. फक्त एक्सल बदलून जुनेच कप (छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्या) ठेवता येतात, पण त्यासाठी छर्ऱ्यांच्या दोन वाटांमधले अंतर जुन्या एक्सलशी जुळणारे हवे. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तो शक्य तोवर सोडवूच नका.

सरळ_हिशोब

२६ आट्यांची माहिती मला नव्हती. माझ्या सल्ल्यात तेवढी दुरुस्ती करतो: एक्सल बदलावा, पण आटे मोजून.

खाडीपलीकडून

मुरुडजवळ राहतो, त्यामुळे माझा प्रश्न सैल कॉटरचा नसून न निघणाऱ्या कॉटरचा आहे. खाऱ्या हवेने तो क्रँकशी एकजीव होतो. रॉकेल सोडून दोन दिवस ठेवले, ठोकले, तर कॉटर वाकला आणि आट्यांचे टोक छत्रीसारखे पसरले. अशा वेळी काय करावे? आणि एवढ्या ठोकाठोकीने आतल्या छर्ऱ्यांचे काय होते?

पेडलपुराण

छर्ऱ्यांचे वाटोळे होते, म्हणूनच क्रँक कधीही अधांतरी ठोकायचा नाही. क्रँकच्या डोक्याखाली, कॉटरच्या बरोबर खालच्या बाजूला, जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा द्यायचा. कॉटरचे टोक पाइपच्या पोकळीत येते आणि हातोड्याचा मार एक्सलवर न जाता पाइपातून जमिनीत जातो. आधार नसेल तर प्रत्येक घाव पाव इंची छर्ऱ्यांवर बसतो आणि कपात खड्डे पडतात. मग क्रँक फिरवताना वाळूवरून गेल्यासारखे वाटते.

काढताना नट पूर्ण काढू नका. तो टोकाशी समतल येईपर्यंत सैल करा, म्हणजे आटे पसरत नाहीत. मग जड हातोड्याचा एकच सणसणीत घाव. दहा भित्र्या घावांनी कॉटर वाकतो, एका निर्भय घावाने सुटतो. तुमचा आता वाकलेलाच आहे, तेव्हा बाहेरचे टोक करवतीने कापा, मध्यभागी पंचने खूण करा आणि ड्रिलने पोखरा. कवच उरले की ते आपोआप ढिले पडते. एक्सलला ड्रिल लागू देऊ नका.

बसवताना कान उघडे ठेवा. पाचर जात असते तोवर ठोक्याचा आवाज बद्द येतो; पूर्ण भिडली की तोच ठोका टणत्कार करतो. तो आवाज आला की थांबा, नट लावा, पंधरा-वीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा ठोका. दुसऱ्या वेळी कॉटर केसभर आत जातोच. ही दुसरी ठोक चुकली म्हणूनच लोकांचे कॉटर आठ दिवसांत सैल होतात.

उद्यमनगरचा_लेथवाला

खाडीपलीकडून यांना एक जोड: बसवताना कॉटरला तेलाचा हात पुसटसा लावा. काही जण म्हणतात पाचर कोरडीच हवी, पण तुमच्या हवेत कोरडी पाचर म्हणजे पुन्हा ड्रिल.

धोतर_ते_जीन्स

दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे असतात, म्हणजे सायकल उभी असताना एकाचा नट वर तर दुसऱ्याचा खाली. दोन्ही नट एकाच बाजूला आले तर क्रँक सरळ रेषेत राहत नाहीत, किंचित लंगडतात. आमच्या आजोबांची सायकल अशीच लंगडी होती आणि त्यांनी ती वर्षभर चालवली, कारण दुकानदाराने सांगितले होते की ‘ओव्हरऑइलिंग’ केल्यावर असे होते. ओव्हरहॉलिंग या शब्दाचे हे रूपांतर महाराष्ट्रभर चालते, आणि खरे सांगायचे तर क्रँकच्या बाबतीत ते फारसे चुकीचेही नाही.

शिवाय नट उघडाच असतो, त्यात आजोबांच्या धोतराचा सोगा अडकायचा आणि माझ्या पहिल्या बेलबॉटमची कडही त्यानेच फाडली. विश्वासार्हतेच्या चर्चेत कपड्यांचाही विचार व्हावा.

माळ्यावरची_सायकल

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात कपडे काळे करून घेतले.

आधी गणितसरांच्या सांगण्यावरून उजवा कॉटर काढला. त्याला आजवर कोणी हात लावलेला नसावा. पाइपचा आधार देऊन, तिसऱ्या घावाला (मी निर्भय नाही) तो सुटला, आणि त्याच्या उतारावर लेथवाल्यांनी लिहिली तशी पायरी होती. नख अडकत होते. डावा कॉटर नवा असूनही काजळी फक्त एका कडेला पुसली जात होती. मेकॅनिकला कानशीबद्दल विचारले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, साहेब, वीस रुपयांच्या कामाला कानस कोण लावतो. त्यात त्यांचेही चुकले असे वाटत नाही.

दोन्ही बाजूंना नवे कॉटर घेतले आणि शनिवारची अख्खी दुपार कानस, काजळी, हातोडा यांत गेली. डाव्या बाजूचा तो टणत्कार नेमका ऐकू आला, उजव्या बाजूचा आला नाही. आवाज शेवटपर्यंत बद्दच राहिला. पहिल्या वीस किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा ठोकले. आता १३० किलोमीटर झाले आहेत. ‘टक्’ बंद आहे, पण रविवारची सुमेधाताईंच्या वडिलांची परीक्षा केली तेव्हा एका बाजूला केसाएवढी हालचाल जाणवली, आणि माझ्या अंदाजाने ती उजवीकडची आहे.

सरळ_हिशोब

अभिनंदन. तरीही ती हालचाल जाईपर्यंत कात्रजच्या घाटात जाऊ नका, एवढे म्हणून मी थांबतो.

पेडलपुराण

उजव्या बाजूला पायरी पडलेला कॉटर बराच काळ हलत राहिला असेल, तर एक्सलची सपाट खाचही झिजलेली असणार. कॉटर काढून खाचेवर पोलादी पट्टीची कड उभी धरा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका. पट्टीखालून उजेड दिसला तर खाचेचे मधले अंग खचले आहे. थोडा खळगा असेल तर जाड उताराचा कॉटर करून भागते, जास्त असेल तर एक्सल बदलावा लागतो, मात्र कॉटरचाच.

माळ्यावरची_सायकल

पट्टी लावून पाहिली. मधोमध उजेडाची रेघ दिसते, पण कागद जात नाही. लेथवाले, मी सध्याच्या कॉटरचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि कॅलिपरची मापे पाठवली तर त्यावरून ईएन-८ चे चार करून मिळतील का?

उद्यमनगरचा_लेथवाला

जाडी आणि लांबी फोटोवरून समजेल, उतार समजणार नाही. पायरी पडलेला जुना कॉटर आणि आताचा बद्द आवाजाचा, असे दोन्ही डबीत घालून कुरिअरने पाठवा. कोणता कुठला ते दोऱ्याने चिठ्ठी बांधून लिहा आणि चिठ्ठीला तेल लागू देऊ नका, मागच्या वेळी एकांची शाई उतरली होती.